लपलेल्या वस्तू, लपवलेली माणसे

गेल्या वर्षी दिवाळीआधी घराची आवराआवर चालली होती. माळ्यावरचे सगळे सामान खाली काढले होते आणि त्या ढिगाच्या मधोमध बसून माझी भाची मोबाइलवर खेळत होती. ‘‘काय करून राहिली गं?’’ असे विचारले, तर मान वर न करता म्हणाली, ‘‘मामा, नऊ वस्तू सापडल्या, दहावी सापडतच नाही. तुम्ही बघा ना.’’

मी बघितले. पडद्यावर एक जुना रशियन दिवाणखाना होता. समोवार, मेणबत्त्यांची झुंबरे, कोपऱ्यात ख्रिस्ताचे सोनेरी चित्र, भिंतभर घराण्यातल्या माणसांच्या तसबिरी, आणि या सगळ्यावर कोणी पोते उपडे करावे तशा असंख्य फुटकळ वस्तू. खाली यादी : किल्ली, घुबड, चष्मा, पंखा, चमचा. चमचाच तेवढा राहिला होता. तसबिरीच्या नक्षीदार चौकटीत तो नक्षी होऊन बसला होता. मी बोट ठेवले, टुण्‌ असा आवाज झाला आणि एक फाटके पत्र उघडले. भाचीने कथानक सांगितले ते असे : नायिकेची पणजी रशियातल्या एका सरदार घराण्यातली. क्रांतीच्या धामधुमीत ती पळाली, नाव बदलले, आणि घराण्याचे एक रहस्य त्या वाड्यातच राहून गेले. आता पणतीला वकिलाचे पत्र येते, ती त्या ओसाड वाड्यात जाते आणि एकेका खोलीतल्या वस्तू शोधत आपण कोण आहोत ते शोधून काढते.

खेळाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या प्रकारातल्या खेळांची नावे आणि कथानके आपसात बदलली तरी खेळणाऱ्याला पत्ता लागू नये, इतकी ती एका साच्यातली असतात. मला ओढून घेतले ते त्या साच्यानेच. आमच्या ढिगातही एक पत्र्याची पेटी होती. पणजोबांची. ‘सत्याण्णवच्या दुष्काळात त्यांनी आपल्या कोठारातून गाव जगवले’ हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या तोंडपाठ आहे, आणि त्याचा पुरावा या पेटीत आहे असेही सगळे म्हणत. पेटीतले कागद मोडीत. मी विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. मोडी शिकलो तीही चाळिशी ओलांडल्यावर, नोकरीहून आल्यावर रात्री, पुस्तक समोर ठेवून. पण पेटी मात्र उघडली नव्हती. त्या दिवशीही ती पुसून परत माळ्यावर ठेवली आणि भाचीच्या शेजारी बसून तिचा खेळ बघत राहिलो. हा लेख त्या बसण्यातून निघाला.

हा प्रकार तसा आपल्या ओळखीचा. ‘या चित्रात दहा पक्षी लपले आहेत, शोधा पाहू’ हे मुलांच्या मासिकांत आपण सगळ्यांनीच केले आहे. इंग्रजीत मार्टिन हँडफर्डचा वॉली १९८७ साली गर्दीत हरवला. १९९२ पासून जीन मार्झोलो आणि छायाचित्रकार वॉल्टर विक यांची ‘आय स्पाय’ पुस्तके निघाली. संगणकावर या गमतीला धंद्याचे रूप आले ते २००५ साली, सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्सच्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ या खेळाने. पुढच्याच वर्षी ‘रेव्हनहर्स्ट’ आला आणि त्यात ओसाड वाडा व फाटलेली दैनंदिनी आली. तेव्हापासून वाडा आणि घराण्याचे गुपित ही जोडी या प्रकाराला चिकटली ती सुटलेली नाही. बर्लिनच्या वूगा कंपनीचा ‘जून्स जर्नी’ (२०१७) घ्या. तिथेही जून पार्कर आपल्या बहिणीच्या मृत्यूचे कोडे सोडवायला घरचीच दालने धुंडाळते.

या खेळांत यादी आधी मिळते. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. कोणत्याही दप्तरखान्यात दिवस काढलेल्या माणसाला विचारा, त्याला यादी कोणी देत नाही. आपण काय शोधतो आहोत हेच मुळी सापडल्यावर कळते, आणि पुष्कळदा हातातून निसटून गेल्यावर. खेळात फोटो फाटलेला असतो, पण त्याचे सगळे तुकडे त्याच घरात असतात. पत्र जळलेले असते, पण वाचायला हवी तेवढीच ओळ शिल्लक असते. कुलूप तिथे किल्ली. आणि अडलात तर मदतीचे बटण, जे दर मिनिटागणिक आपोआप भरत राहते. असे बटण मोडीच्या कागदाला असते तर माझे अर्धे केस अजून काळे राहिले असते.

तरी या प्रकाराला हसून सोडून देऊ नये. तो नजरेला थांबायला लावतो. पडदा सरकवत जाणाऱ्या बोटाला तो म्हणतो, या एका खोलीत पाच मिनिटे बस आणि प्रत्येक वस्तू बघ. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या खेळांत वारस बहुधा बाई असते. आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे असा धागा जातो. आपले जुने कुलवृत्तान्त काढून बघा. वंशवृक्षाच्या फांद्या पुरुषांच्या. सून नवऱ्याच्या नावाखाली एका ओळीत येते, मुलगी लग्न होऊन गेली की वृक्षातूनच गळते. ज्यांनी खेड्यापाड्यांतून फिरून, पदरमोड करून हे ग्रंथ सिद्ध केले त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मुलीने आपले घराणे शोधावे, ही कल्पना त्या ग्रंथांत नाही आणि मोबाइलवरच्या या फुटकळ खेळात आहे, हे नोंदवायलाच हवे.

आता रशियाकडे. या प्रकारातला एक खेळ खुद्द रशियन माणसांनी केलेला आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. व्होलोग्दा हे उत्तर रशियातले मध्यम आकाराचे शहर. तिथे इगोर आणि दिमित्री बुखमन या भावांनी २००४ साली प्लेरिक्स ही कंपनी काढली. तिचा ‘गार्डनस्केप्स’ आज लाखो लोकांना एकसारख्या तीन चकत्या जुळवण्याचा खेळ म्हणून ठाऊक आहे, पण २००९ साली तो प्रथम आला तेव्हा तो दडलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ होता. कथानक एवढेच : तुम्हाला वारशाने एक वाडा मिळतो. बागेची दुर्दशा झालेली असते. वाड्याच्या खोल्या सामानाने गच्च भरलेल्या असतात. दारात गिऱ्हाईक येते, त्याला जे हवे ते तुम्ही ढिगातून शोधून विकता, आणि त्या पैशांतून बागेत कारंजे, बाके, पुतळे बसवता. ऑस्टिन नावाचा हसतमुख बटलर प्रत्येक खरेदीला दाद देतो.

म्हणजे इथे शोधणे आणि विकणे ही एकच क्रिया आहे. वस्तू कोणाची, ती घरात कशी आली, विकून टाकल्यावर घरात काय उरेल, असे प्रश्न खेळ विचारत नाही. वारशाचा अर्थ रोख रक्कम, आणि रोख रकमेचा अर्थ बाग.

रशियन साहित्य थोडेफार वाचलेल्या कोणालाही इथे चेखोव्ह आठवेल. ‘चेरी ऑर्चर्ड’ हे नाटक मॉस्को आर्ट थिएटरमध्ये १९०४ साली रंगमंचावर आले. तिथेही वारशाचे घर आहे, बाग आहे, पैशांची चणचण आहे आणि लिलाव आहे. पण तिथे बाग विकली जाते, आणि ती विकत घेतो लोपाखिन. ज्या जमिनीवर त्याचे बाप-आजे गुलाम होते, ज्यांना घराच्या स्वयंपाकघरातही पाऊल टाकता येत नव्हते, ती जमीन तो घेतो. त्या वाड्याचा इतिहास लोपाखिनच्याही घराण्याचा इतिहास आहे. फक्त तो दिवाणखान्यातल्या तसबिरींत सापडणार नाही. आणि नाटकाच्या अखेरीस सगळे निघून जातात, दारांना कुलपे लागतात, तेव्हा आत म्हातारा नोकर फिर्स राहून गेलेला असतो. तो कोणाच्याच यादीत नसतो. ‘गार्डनस्केप्स’चा ऑस्टिन आणि चेखोव्हचा फिर्स शेजारी उभे करून बघावेत. खेळातला नोकर कधी विसरला जात नाही, कारण त्याचे काम मालकाला आनंद देण्याचे आहे. नाटकातला नोकर विसरला जातो, आणि तेवढ्यासाठी ते नाटक शंभर वर्षांहून अधिक टिकून आहे.

व्होलोग्दाचा आणखी एक माणूस इथे बोलावला पाहिजे. वार्लाम शालामोव्ह. १९०७ साली तो याच शहरात एका धर्मगुरूच्या घरी जन्मला, स्तालिनच्या छावण्यांत त्याची सुमारे सतरा वर्षे गेली आणि त्यातून ‘कोलिमा कथा’ जन्मल्या. त्याची ‘क्रॉस’ नावाची कथा आहे, आईवडिलांच्या अखेरच्या दिवसांवर बेतलेली. आंधळा झालेला म्हातारा धर्मगुरू बायकोला ट्रंकेतून आपला सोन्याचा क्रूस काढायला लावतो आणि कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करतो. ते तुकडे तोर्गसिनमध्ये द्यायचे. तोर्गसिन म्हणजे १९३१ ते १९३६ या काळातली सरकारी दुकाने. सोने-चांदी, परकी चलन आणा आणि पीठ-साखर घेऊन जा. दुष्काळात लोकांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या तिथे नेऊन टाकल्या. त्या कथेतही घराण्याची वस्तू आहे, ट्रंक आहे, शोधणे आहे आणि विकणे आहे. एकाच शहरातून निघालेल्या या दोन कल्पनांमध्ये पाऊण शतकाचे अंतर आहे. त्या मधल्या काळात काय काय विसरावे लागले, हे ‘गार्डनस्केप्स’च्या हिरव्यागार कारंज्याकडे बघून मला कळल्यासारखे वाटते. अर्थात ती पोरे धंदा करायला बसली होती, त्यांच्यावर इतिहासाचे ओझे टाकणारा मी कोण, असेही मनात येतेच.

आणि आपण नागपूरकरांनी तर वाड्यातले सामान विकण्याच्या गोष्टीला नुसता खेळ म्हणूच नये. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीने दत्तक नाकारला, आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. मग वाड्याची झडती आणि यादी. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेले. बांकाबाईंनी निकराने विरोध केला, पण यादी करणाऱ्यांचे हात थांबले नाहीत. १९३४ साली आलेल्या यादव माधव काळ्यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’मधून आमच्या पिढीतल्या हौशी वाचकांना या काळाची वाट सापडली. गेल्या साली, २९ एप्रिल २०२५ रोजी, लंडनच्या सदबीजमध्ये पहिल्या रघुजींची तलवार पुकारली गेली आणि महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांत ती मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. पण ‘सापडली’ हा शब्द वर्तमानपत्रांनी वापरला तो मला खटकला. ती हरवली नव्हती. ती कोणाच्या तरी मालकीची होती, आणि किंमत मोजून घ्यावी लागली.

पण माझ्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट याही शहरातलीच आहे आणि तिचे एक टोक खरोखर रशियात आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, पुढचे शिक्षण नागपुरात, टिळकांच्या विचारांनी भारावलेला तरुण. जपानमार्गे अमेरिकेला गेले, ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकले, १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते. पहिल्या महायुद्धात वेश आणि नावे बदलत तुर्कस्तानातून इराणात उतरले आणि तिथे इंग्रजांविरुद्ध लढले. मग बर्लिन. आणि १९२१ साली मॉस्को.

मॉस्कोची ही खोली मला फार दिवस उघडता येत नव्हती. आपल्याकडे खानखोज्यांविषयी जे गौरवाने लिहिले जाते त्यात ‘ते रशियालाही गेले होते’ एवढ्या वाक्यावर विषय संपतो. पुढे एका रद्दीवाल्याकडे, महालात, डॉ. गंगाधर अधिकारी यांनी संपादित केलेला कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाच्या दस्तऐवजांचा पहिला खंड मिळाला. अधिकारी पनवेलचे, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले. नजर शास्त्रज्ञाची, म्हणून कागद जसाच्या तसा छापण्याकडे कल. त्या खंडात जुलै १९२१ चा, भारत आणि जागतिक क्रांती या विषयावरचा एक मसुदा आहे. बर्लिनहून आलेल्या भारतीय क्रांतिकारकांनी तो कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयपुढे ठेवला होता. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटाशी त्यांचे पटले नाही आणि हात हलवत परतावे लागले, हा पुढचा इतिहास. मसुद्याखाली तीन नावे आहेत : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, गुलाम अंबिया खान लुहानी आणि पांडुरंग खानखोजे.

मी ही तीन नावे कागदावर लिहून पुढे प्रत्येकाचे काय झाले ते लिहीत गेलो. चट्टोपाध्याय म्हणजे सरोजिनी नायडूंचे बंधू. ते पुढे रशियात गेले, लेनिनग्राडला मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करू लागले, लिदिया कारुनोव्स्काया या रशियन विदुषीशी त्यांनी संसार मांडला. २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांना गोळी घातली गेली. लुहानींना १९३८ मध्ये. तिसऱ्या सहीचा माणूस १९२४ साली मेक्सिकोला गेला आणि चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात मक्याच्या जाती सुधारू लागला.

त्या दोन वर्षांत, १९३७-३८ मध्ये, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे ६ लाख ८१ हजार ६९२ माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. घरच्यांना सांगत, ‘दहा वर्षे, पत्रव्यवहाराच्या अधिकाराविना’. बायका-मुले दहा वर्षे मोजत बसत. घराघरांत अल्बममधले चेहरे कात्रीने कापले गेले. प्रसिद्ध छायाचित्रकार अलेक्सांद्र रोदचेन्कोने स्वतःच रचलेल्या उझबेकिस्तानवरच्या ग्रंथातल्या नेत्यांचे चेहरे, ते शत्रू ठरले तसे, आपल्या घरच्या प्रतीत शाईने काळे करून टाकले. रशियन घराण्याचा इतिहास शोधायचा म्हणजे हे शोधायचे. भाचीच्या खेळातली पणजी १९१७ साली पळाली. ती पळाली म्हणून तिची गोष्ट सांगण्यासारखी राहिली. मागे राहिलेल्यांच्या गोष्टीला समोवार आणि झुंबरे पुरत नाहीत.

खानखोज्यांकडे परत येतो, कारण त्यांच्या बाबतीत लपलेली वस्तू शोधण्याचा खेळ अक्षरशः खेळता येतो. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने काढलेल्या चित्रमालिकेत ‘आमची भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचे एक चित्र आहे. मेजाभोवती सगळ्या थरांतली माणसे बसली आहेत आणि मधोमध एक जण भाकरी मोडतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा. तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने त्यांचे आणि त्यांच्या कणसांचे फोटो काढले. पुढे १९३० मध्ये मेक्सिकोने तिला हद्दपार केले आणि तीही मॉस्कोला गेली. असा हा वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस जगाच्या कलेतिहासात दोन ठिकाणी उघड्यावर टांगलेला आहे, आणि आपल्याला दिसत नाही, कारण आपल्या यादीत त्याचे नाव नाही.

स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी इथेच गेले. त्यांची गोष्ट धरून ठेवली ती मुलीने. सावित्री साहनी यांचे ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’ हे इंग्रजी पुस्तक पेंग्विनने २००८ साली काढले. मराठीत वीणा गवाणकरांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा…’ लिहून हा माणूस आपल्या वाचकापुढे आणला. सावित्रीबाईंच्या पुस्तकाचा मला सगळ्यात भावलेला भाग म्हणजे त्याची मुळातली अडचण. वडील वर्ध्याचे, आई जान सिंदिक बेल्जियमची, मुलीचा जन्म मेक्सिकोचा, लेखन इंग्रजीत. वडिलांच्या आयुष्याचा जो भाग त्यांनी स्वतः जन्मभर नावे बदलून झाकला, तो मुलीने उघडायचा. गुप्ततेवर ज्याचा जीव अवलंबून होता त्या माणसाकडून कागदांची अपेक्षा कशी करणार? अशा वेळी मुलगी वडिलांच्या शब्दावर विसंबते, आणि संशोधकाला ते मान्य करताना त्रास होतो. मलाही झाला. काही प्रसंगांना दुसरा आधार हवा होता असे वाटत राहिले. पण या पुस्तकाने वारसा जिथे नेला तिथे कोणताही वंशवृक्ष पोचला नसता, कारण वृक्षाच्या नियमाने ही लेखिका फांदीवर नसतीच. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोला खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा झाला की शोध संपतो, ही आपली जुनी खोड आहे. खेळातही असेच होते : शेवटची वस्तू सापडली की फटाके उडतात आणि नवी खोली उघडते.

या खेळांवरचा माझा खरा आक्षेप आता सांगतो. त्यांत वारस नेहमी निर्दोष असतो. पणजीवर अन्याय झालेला असतो, खलनायक परका असतो, फार तर एखादा दुष्ट चुलता. शोधता शोधता आपणच चुकीच्या बाजूच्या तसबिरीखाली उभे आहोत असे कधी निघत नाही. खऱ्या रशियात निघाले. तोम्स्कचा देनिस कारागोदिन आपल्या शेतकरी पणजोबांना, स्तेपान कारागोदिनना, कोणी मारले हे शोधायला २०१२ मध्ये बसला. १९३८ च्या जानेवारीत त्यांना गोळी घातली गेली होती. अर्जांमागून अर्ज करत २०१६ मध्ये त्याने हुकूम देणाऱ्यांपासून गोळी झाडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावे मिळवली. ती प्रसिद्ध झाल्यावर त्या मारेकऱ्यांपैकी एकाच्या नातीचे त्याला पत्र आले. आपला आजा काय करत होता हे तिला त्यातून कळले होते, आणि तिने क्षमा मागितली होती. तिच्या दुसऱ्या बाजूच्या घराण्यातही बळी गेलेले होते. अशा याद्या जपणाऱ्या ‘मेमोरियल’ या संस्थेला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी बरखास्त केले.

त्या नातीचे वाचल्यावर मला पेटी उघडावी लागली.

आत बहुतेक कागद कुरतडलेले, दोन चांगले. त्यातला एक १८९७ च्या वैशाखातला. वाचायला मला तीन रात्री लागल्या. त्यात दोन खंडी ज्वारी दिल्याची नोंद आहे, म्हणजे घरात सांगत ते खरेच होते. खाली पुढचा मजकूर : बदल्यात नाल्याकाठचे वावर गहाण, आणि मुदतीत फेड न झाल्यास ते कायम खरेदी समजावे. अंगठा एकाचा, साक्षी दोन. त्या वावराला आमच्या घरात अजून ‘नाल्याचे वावर’च म्हणतात. काकांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्या काळात सगळेच करत. ठेवून दे आता ते.’’ ठेवून दिले. भाचीने मात्र विचारले, ‘‘मामा, अंगठा कोणाचा आहे?’’ हा प्रश्न मला सुचला नव्हता, काकांनाही नाही.

नाव कागदावर होतेच. या फाल्गुनात कागदाची झेरॉक्स घेऊन आम्ही दोघे उमरेडकडच्या त्या गावी गेलो. त्या नावाचे घर सापडायला वेळ लागला नाही. घरात मोडीच काय, जुना कागदच नव्हता. ‘‘आमचं धुऱ्याकडचं वावर सावकारानं खाल्लं, असं बुढा सांगे,’’ एवढे त्या घरच्या साठीतल्या गृहस्थांना ठाऊक होते. कोणत्या साली, कशापायी, ते ठाऊक नव्हते. मी कोण हे त्यांना सांगितले. त्यांनी बाजेवर जागा करून दिली, सुनेला पाणी आणायला सांगितले आणि म्हणाले, ‘‘वाचा.’’ मी पहिल्या ओळीपासून वाचले. ज्वारीच्या आकड्यापाशी त्यांनी हात वर केला.

‘‘थांबा. तारीख पुन्हा वाचा,’’ ते म्हणाले, आणि आत वळून पोराला हाक मारली, ‘‘पेन आण रे.’’